एक्केचाळीस चौकटी

४ फेब्रुवारी, मंगळवार

रिच टेक्स्ट म्हणजे काय हे साहेबांनाही माहीत नाही. मला तर नाहीच. पण पुढच्या शुक्रवारपर्यंत हवंय!

तपासणी कार्यालयाचं पत्र आलंय. नव्या लिफ्ट-यंत्राचं दुरुस्ती-पुस्तक त्यांना छापील पानांत नको, रिच टेक्स्टमध्ये हवं. त्यांचे अधिकारी त्यातच शेरे लिहिणार, खोडणार, परत पाठवणार. साहेबांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, असेल कुठेतरी एखादं बटण, दाबा.

कुठेतरी!

पुस्तक लिहिलं आमच्या दाढीवाल्या इंजिनिअरांनी, मी नुसतं टाइप केलं. ते डिसेंबरात दुसऱ्या कंपनीत गेले. त्यांची पद्धतच निराळी — सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत. मथळ्याआधी जाळीचं चिन्ह, ठळक शब्दाला दोन्हीकडून दोन-दोन तारे, असं काय काय. मग काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की ते टूल सगळं गिळतं आणि दुसऱ्या बाजूने देखणं पुस्तक बाहेर काढतं. ती एक ओळ त्यांनी जाताना कागदावर लिहून माझ्या मॉनिटरला चिकटवली. तेवढंच माझं ज्ञान. बावीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागले. आता कागदपत्र विभाग म्हणजे मी आणि एक कपाट.

सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, रिच म्हणजे श्रीमंत ना? मग गरीब टेक्स्ट कुठलं?

माझ्याकडे आहे ते, म्हटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

त्या ओळीतलं शेवटचं नाव बदललं, रिच टेक्स्टचं टाकलं. टूल दोन सेकंदांत मोकळं. इतकं सोपं? खूश होऊन फाइल उघडली.

प्रश्नचिन्हं. मथळा — प्रश्नचिन्हं. परिच्छेद — प्रश्नचिन्हं. आकडे तेवढे शाबूत. पानंच्या पानं नुसती मलाच विचारतायत, काय? काय? काय?

मला काय विचारता, मीच विचारतेय.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन दिवस गेले. काल कुतूहल म्हणून तीच फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली. आत महिरपी कंस, उलट्या तिरक्या रेघा, आणि आपल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक आकडा आणि आकड्याच्या शेपटीला प्रश्नचिन्ह. म्हणजे अक्षरं हरवलेली नाहीत. आकड्यांच्या वेषात बसलीयत. ज्याला आकडा कळतो तो प्रोग्राम अक्षर दाखवतो, ज्याला कळत नाही तो प्रश्नचिन्ह दाखवतो.

मग माझाच प्रोग्राम अडाणी का? तर नाही. फाइलीला डोकंच नव्हतं. सुरुवातीला एक मजकूर लागतो — ही कुठल्या प्रकारची फाइल, कुठला फॉन्ट. टूलला सांगितलं नाही तर ते नुसतं धड देतं. ओळीत एक अक्षर वाढवायचं होतं. एक!

दुपारी पहिल्यांदा पानावर मराठी दिसलं. काना-मात्रा सगळे विस्कटलेले, वेलांटी भलत्याच अक्षरावर. पण मराठी. कपाटाला सांगितलं, दुसरं कोण आहे?

१० फेब्रुवारी, सोमवार

फॉन्ट बसला. नमुन्याच्या फाइलीत त्याचं नाव घातलं, वेलांट्या आपापल्या घरी गेल्या.

आता तक्ते. छापील पुस्तकात सरळ उभे होते, इथे पहिला रकाना हातभर आणि बाकीचे बोटभर. रुंदी वाढवली तर पान फुटतं. पान आडवं केलं तर मथळे रुसतात. एक ओढलं की दुसरं उघडं!

साहेब डोकावून गेले. झालं ना? म्हणाले. होतंय, म्हटलं. बटण सापडलं का, म्हणाले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पान-क्रमांक दोनदा येतायत. का, ते देव जाणे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दिलं! दोनशे नऊ पानं. मथळे निळे, तक्ते सरळ, क्रमांक एकदाच. मी एकूण एक पान बघितलं. छापील पुस्तकात दोनशे बारा होती, इथे तीन कमी. फॉन्ट जरा बारीक आहे, त्यामुळे असेल.

संध्याकाळी सासूबाईंना फिरायला नेलं. त्यांना मी दोन गल्ल्या रिच टेक्स्ट समजावलं. शेवटी म्हणाल्या, बाई गं, तू खूश आहेस एवढं समजलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तपासणीवाल्यांनी फाइल उघडली, चालली, पोच दिली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा. त्याच फाइलीच्या छापील प्रती काढून वर्कशॉपमध्येही वाटा म्हणाले — दोन-दोन प्रकार कशाला, सगळीकडे एकच राहू दे.

अकरा मेकॅनिक, अकरा प्रती. मी स्वतः पंच करून फाइलींना लावल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

लंबूभाऊंचा हात यंत्रात गेला.

सकाळी साडेअकराला फोन. सात मजली इमारत, वरच्या यंत्राच्या खोलीत नवीन यंत्राच्या ब्रेकचं काम. जोडीला मास्तर होते. त्यांनी वीज तोडली, हात सोडवला, आपल्या शर्टाने बांधला, रिक्षाने दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं.

मला दुसरं काही लिहवत नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लंबूभाऊ म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक. सव्वीस वर्षं. उंची एवढी, की यंत्राच्या खोलीत कायम कमरेत वाकून. मी लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात लिफ्टमध्ये अडकले होते, दोन मजल्यांच्या मध्ये. यांनी वरून दार फाकवून मला हाताला धरून ओढून काढलं. उजव्याच हाताने.

मास्तर आज ऑफिसात आले होते. ते खरे मास्तर नव्हेत, मेकॅनिकच. पण कुठल्याही गोष्टीवर तासभर समजावून सांगायची सवय, म्हणून मास्तर. आज मात्र तुटक बोलत होते. ब्रेकचा बोल्ट सैल केला, म्हणाले, आणि चाक फिरलं. लंबूचा हात दोरावर होता. दोर आणि चाकाच्या मध्ये गेला.

साहेबांनी विचारलं, चाक फिरलं कसं? जुन्या यंत्रात नाही फिरत, मास्तर म्हणाले. जुन्यात दोन बोल्ट. एक सैल केला तरी दुसरी बाजू धरून ठेवते.

ते एवढं म्हणाले आणि माझं पेन थांबलं. का, ते तेव्हा कळलं नाही. घरी येताना कळलं. नव्या यंत्राबद्दलचं वाक्य मी टाइप केलंय. नोव्हेंबरात, दाढीवाल्यांच्या हस्ताक्षरावरून. 'या यंत्रात एकच बोल्ट दोन्ही बाजूंचा ब्रेक सोडतो. रिकामी लिफ्ट दोराच्या दुसऱ्या टोकाच्या जड वजनाने आपोआप वर ओढली जाते. आधी पलीकडच्या वजनाला खालून टेकू द्या.'

पुस्तकात आहे ते. मग लंबूभाऊंनी कसं नाही पाहिलं?

३ मार्च, सोमवार

नाहीये.

सकाळी सात वाजता ऑफिस उघडायला लावलं. वर्कशॉपची प्रत, पान त्र्याण्णव. पायरी पाच — झाकण काढा. पायरी सहा — मधला बोल्ट सैल करा. पाच आणि सहाच्या मध्ये काही नाही. कोरी जागासुद्धा नाही.

साध्या मजकुराची फाइल उघडली. तिथे आहे! पाच आणि सहाच्या मध्ये, शब्दन् शब्द. छापील जुन्या पुस्तकात आहे — जाड चौकटीत, ठळक, वर त्रिकोण. रिच टेक्स्टमध्ये नाही.

मग बाकीच्या चौकटी शोधल्या. साध्या फाइलीत एक्केचाळीस. रिच टेक्स्टमध्ये एकही नाही. शून्य!

तीन पानं कमी होती ती ही. फॉन्टमुळे नव्हे.

मी सगळी पानं बघितली होती. मथळे बघितले, तक्ते बघितले, क्रमांक बघितले. वाचली नाहीत.

मला कळत नाही. मी एक शब्द खोडला नाही. टूलने एकदाही तक्रार केली नाही. मग गेलं कुठे?

४ मार्च, मंगळवार

दाढीवाल्यांना फोन लावला. मग हळूहळू समजावलं, आणि मी पाच वेळा विचारल्यावर मला कळलं, ते असं —

टूलच्या साध्या खुणांत अशी चौकट नव्हतीच. म्हणून त्यांनी प्रत्येक सूचनेसाठी छापखान्याच्या भाषेतली चौकट थेट मजकुरात लिहिली होती. छापील पान काढताना टूल ती जशीच्या तशी पुढे धाडतं. पण रिच टेक्स्ट काढताना ती भाषा परकी. आणि परकं दिसलं, की ते टूल गाळून टाकतं. चौकट तर गाळतंच, आतली वाक्यंही गाळतं. निमूटपणे. त्याच्या दृष्टीने ही चूकच नव्हे, असंच वागायचं असतं.

पण सांगायला काय होतं त्याला? म्हटलं. एक ओळ, की बाई, एवढं एवढं गाळलंय?

सांगतं, म्हणाले. सेटिंगच्या फाइलीत एक गोष्ट चालू करावी लागते. मी बंद ठेवली होती, फार बडबड करतं म्हणून.

मग म्हणाले, माझ्यानंतर कुणी रिच टेक्स्ट मागेल असं डोक्यातच आलं नाही हो.

चूक कुणाची मग? त्यांची, ज्यांनी बंद ठेवलं? साहेबांची, ज्यांनी तीच प्रत वाटायला लावली? का टूलची, जे आपल्या नियमाने वागलं? फिरवून फिरवून काटा माझ्यावरच येतो. प्रती मी वाटल्या. पंच मी केल्या.

५ मार्च, बुधवार

साहेबांकडे गेले. दोन्ही पानं समोर ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ड्रॉवरमधून लंबूभाऊंचा जबाब काढला. साहेबांनी दवाखान्यात जाऊन लिहून घेतलेला, खाली लंबूभाऊंची सही, डाव्या हाताने.

'पुस्तकातली सूचना वाचली होती. घाई केली. चूक माझी.'

साहेब म्हणाले, तो स्वतः म्हणतोय वाचली होती. मग पानात होती का नव्हती, हा प्रश्न येतोच कुठे? चौकशीत त्याचा परवाना सहा महिने थांबेल, मग परत मिळेल. तुम्ही फाइल दुरुस्त करा, जुन्या प्रती मागवून घ्या, आणि झाकली मूठ राहू द्या.

पण वाचली कुठे? पानावर नव्हतीच!

साहेब म्हणाले, तुम्ही फार विचार करता.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भिंग बाजूला ठेवून ऐकत होत्या. म्हणाल्या, तुला वाचवायला बोलला असेल का? मला तेच वाटतंय. त्यांनी दवाखान्यात पडल्या पडल्या प्रत उघडून पाहिली असेल, चौकट नाही हे त्यांना दिसलं असेल, आणि ही प्रत मी काढली हेही त्यांना माहीत. पण मग सासूबाईच म्हणाल्या, माणूस दुसऱ्याचं खापर आपल्या डोक्यावर एवढ्या सहज फोडून घेत नाही, गं. काहीतरी वेगळं आहे.

काय वेगळं?

६ मार्च, गुरुवार

दाढीवाल्यांनी चौदा ओळींचा एक नियम पाठवला. चौकट सुरू झाली की रिच टेक्स्टमध्ये एका घराचा तक्ता काढ, रेघ जाड कर, वर त्रिकोण घाल, आत मजकूर ठळक. तो सेटिंगमध्ये घातला. बडबडही चालू केली. आता पन्नास ओळी ओरडतं, ओरडू दे.

चाळीस आल्या.

एक्केचाळिसावी दोन तास शोधली. दाराच्या प्रकरणात. ओळीच्या सुरुवातीला मी एक स्पेस जास्त दिली होती. एका मोकळ्या जागेमुळे टूलला ती ओळखू आली नाही!

संध्याकाळी एक्केचाळीस. प्रत्येक बोट ठेवून वाचली, मोठ्याने. मग जुन्या अकरा प्रती मागवून घेतल्या. एकीवर डाग होता.

८ मार्च, शनिवार

दुपारी लंबूभाऊंकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही. लिफ्टवाल्याच्या घराला जिनाच, असं तेच हसून म्हणाले. हात उशीवर उंच ठेवलेला. वहिनींनी चहा केला. भाऊंनी डाव्या हाताने कप धरला, थोडा चहा सांडला, वहिनींनी पुसला.

मी सगळं सांगितलं. चौकटी कशा गेल्या, का गेल्या, मी कसं बघितलं नाही. आणि म्हटलं, मी चौकशी अधिकाऱ्यांना लेखी देणार आहे, की तुमच्या पानावर सूचना नव्हती. तुमचा परवाना एक दिवसही थांबायला नको.

मला वाटलं होतं बरं वाटेल त्यांना. ते घाबरले. हो, घाबरलेच, मी नीट पाहिलं.

"कुणाला सांगितलंत?"

"साहेबांना फक्त."

"मग बास. चिठ्ठीबिठ्ठी देऊ नका."

"पण भाऊ, तुम्ही वाचली म्हणून सांगितलंत. पानावर नव्हतीच, तर वाचली कशी?"

वहिनी उठून आत गेल्या, नळ सोडल्याचा आवाज आला.

"ताई, माझं ऐका. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा. मला सहा महिने घरी बसू द्या."

का, ते सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं. जिन्यापर्यंत सोडायला आले, वाकून, सवयीने. तिथे छत उंच आहे.

९ मार्च, रविवार

देऊ? नको देऊ?

त्यांनी माझ्यासाठी घेतलंय अंगावर, असं धरलं तर गप्प बसणं म्हणजे त्यांच्या हाताच्या आडोशाला लपणं. आणि त्यांनी माझ्यासाठी नाही घेतलं, तर कशासाठी?

सासूबाई म्हणाल्या, मला विचारू नकोस. मी सांगितलं आणि बिघडलं तर तू मला जन्मभर चहा कडू देशील.

१० मार्च, सोमवार

दिली. दोन्ही पानं जोडून, सही करून. साहेबांना आधी दाखवली. त्यांनी वाचून परत दिली. दुपारी जेवताना माझ्या टेबलावर कुणी आलं नाही.

१७ मार्च, सोमवार

सगळं लिहून काढते, नाहीतर डोक्यात गुंता तसाच राहील.

चौकशी दहाला. अधिकारी बाई होत्या, माझ्याच वयाच्या, आवाज शांत. टेबलाच्या एका बाजूला मी आणि साहेब. समोर लंबूभाऊ, हात गळ्यात अडकवलेला. मास्तर बाहेर बाकावर, त्यांना नंतर बोलावणार होते.

बाईंनी आधी माझी चिठ्ठी वाचली. मग लंबूभाऊंचा जबाब. मग म्हणाल्या, एकात लिहिलंय सूचना नव्हती, दुसऱ्यात लिहिलंय वाचली होती. दोन्ही खरं कसं असेल? त्यांनी दोन पानं लंबूभाऊंपुढे सरकवली — एक जुनं, बिनचौकटीचं, एक नवीन. म्हणाल्या, तुम्ही त्या दिवशी जे वाचलंत, ते यातलं कुठलं? तेवढ्या ओळी मोठ्याने वाचून दाखवा, म्हणजे मिटलं.

लंबूभाऊंनी डाव्या हाताने नवीन पान उचललं. परत ठेवलं. जुनं उचललं. मला वाटलं, हात दुखतोय.

मग त्यांनी पान ठेवलं आणि बाईंकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"मला वाचता येत नाही."

साहेब म्हणाले, काय? त्यांनी परत सांगितलं, तेवढ्याच आवाजात.

सव्वीस वर्षं. सही येते, आकडे येतात, मजला ओळखता येतो. परवाना मिळाला तेव्हा तोंडी परीक्षा होती. यंत्र हाताने आणि कानाने कळतं, म्हणाले. नवीन यंत्र आलं की मास्तर पुस्तक वाचून सांगतात, मी तसं करतो. मास्तरांना माहीत आहे, आणि घरी माहीत आहे. बस. त्या दिवशीही मास्तरांनी पान वर-खाली बघितलं आणि म्हणाले, झाकण काढ, मग मधला बोल्ट.

बाईंनी विचारलं, मग जबाबात खोटं का? तर म्हणाले, साहेबांनी विचारलं सूचना वाचली होती का, मी हो म्हटलं; घाई केली म्हटलं तर सहा महिने. वाचता येत नाही म्हटलं तर कायमचं.

आणि मी! मी त्यांना त्या सहा महिन्यांतून ओढून इथे आणून बसवलं. मला वाटत होतं, ते मला वाचवतायत. माझा त्यात संबंधच नव्हता.

मास्तरांना आत बोलावलं. ते ठाम होते. हो, मीच वाचून सांगितलं, म्हणाले. पानावर जेवढं होतं तेवढं सगळं सांगितलं. सूचना असती तर सांगितली नसती का? बाईंनी ते लिहून घेतलं.

निकाल असा — चूक कंपनीची. सूचना गाळलेली प्रत वाटली, आणि ज्यांच्या हातात दिली त्यांना वाचता येतं का हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नाही. लंबूभाऊंचा परवाना मात्र थांबला. सूचना वाचता येतील तेव्हा परत, तोवर कंपनीने वर्कशॉपमध्ये दुसरं काम द्यायचं. साहेबांनी मान हलवली.

जिन्यात मी त्यांची वाट बघत थांबले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्याआधी तेच म्हणाले, चिठ्ठी देऊ नका म्हटलं होतं ना. रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

नातवाच्या शाळेचे अर्ज आजवर तुमची वहिनी भरायची, म्हणाले. आता तिच्याकडेच शिकायला बसतो. ती मारेल बहुतेक.

१८ मार्च, मंगळवार

एक गोष्ट तरी स्वच्छ झाली. मास्तरांनी पान वाचलं, पानावर सूचना नव्हती, म्हणून बोटं गेली. चौकट असती तर मास्तरांनी सांगितलं असतं. म्हणजे माझीच चूक. पण निदान काय झालं ते कळलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा जेवण गेलं.

२१ मार्च, शुक्रवार

बाईंचा आदेश होता — दुरुस्त प्रत वाटण्याआधी प्रत्येक मेकॅनिककडून एक सूचना वाचून घ्या, एकेकट्याने, दार लावून. लंबूभाऊ सोडून दहा जण. माझ्या खोलीत. मी पान त्र्याण्णव काढून ठेवलं होतं. नऊ जण आले, सात जणांनी घडाघडा वाचलं, दोघांनी मान खाली घातली.

शेवटी मास्तर. बसले नाहीत. पान हातात घेतलं, वर-खाली बघितलं, खूप वेळ. जाड चौकट, ठळक अक्षरं, त्रिकोण — सगळं समोर. मग पालथं ठेवलं.

"लंबूला सांगू नका," म्हणाले.